रात्रीला रात्र राहू द्या

चैत्र-वैशाखात दयाळाची मधुर शीळ ऐकून जाग यावी, पहाट झाली असे समजून घड्याळाकडे पाहावे, तो अडीचच वाजलेले असावेत, असा अनुभव आमच्या शहरवासी वाचकांपैकी अनेकांना आला असेल. रस्त्यावरच्या दिव्याला फसलेला तो गायक अवेळीच आपली भूपाळी आळवीत असतो. ऐकणाऱ्याला त्याची मौज वाटते. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र ती मौज नव्हे.

पक्ष्याच्या शरीरातील घड्याळ उजेडावर चालते. हा उजेड त्याला केवळ डोळ्यांनीच कळतो असे नाही. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूतील पेशींनाही जाणवतो आणि दिवसमान वाढले की विणीचा काळ जवळ आल्याची सूचना शरीराला मिळते. रात्रभर दिवे जळू लागले की हा हिशेबच चुकतो. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी कस्तूर कुळातील पक्ष्यांना रात्री अवघा ०.३ लक्स, म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड दिला, तेव्हा ते जवळजवळ महिनाभर आधी विणीस सिद्ध झाले, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. अवेळी जन्मलेल्या पिलांना पुरेशा अळ्या-किडे मिळतील याची हमी कोण देणार? २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत तर लख्ख उजेडाच्या प्रदेशात पक्ष्यांचा गाण्या-बोलण्याचा दिवस सरासरी ५० मिनिटांनी लांबल्याचे आढळले.

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची गत याहून बिकट. त्यांपैकी पुष्कळसे लहान पक्षी रात्रीच प्रवास करतात आणि प्रखर झोताभोवती घिरट्या घालून थकतात. आसामातील जातिंगा येथे धुक्याच्या, चंद्रहीन रात्री पक्षी दिव्यांकडे कसे ओढले जातात, हे सर्वश्रुत आहे. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृत्यर्थ आकाशात प्रकाशझोत सोडतात. २००८ ते २०१६ या काळातील अशा सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्षी त्यामुळे विचलित झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. परंतु याच पाहणीत एक आशेची गोष्टही दिसली. झोत विझवताच काही मिनिटांत पक्षी पांगून आपल्या वाटेला लागत. विझवलेला दिवा हाच येथे उपाय ठरला.

आता आपल्याकडे पाहू. ऑक्टोबर उजाडला की उत्तरेचे पाहुणे पक्षी गोव्यात उतरू लागतात, आणि नेमका तेव्हाच पर्यटनाचा हंगामही सुरू होतो. रायबंदरच्या धक्क्यासमोर चोडणच्या खारफुटीत पक्ष्यांसाठी अभयारण्य राखायचे, आणि त्याच मांडवीच्या पात्रात, पणजीपाशी, कॅसिनो बोटींचा झगमगाट रात्रभर चालू द्यायचा, ही विसंगती आम्हांस खटकते.

शहर अंधारात बुडवा, असे आमचे म्हणणे नाही. रात्री कामावरून परतणाऱ्या भगिनीला उजळलेला रस्ता हवाच. परंतु तो उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात नव्हे. दिव्यांना वरून झाकण असावे, निळसर पांढऱ्या प्रकाशाऐवजी पिवळसर प्रकाश असावा, आणि जाहिरातींचे फलक व इमारतींवरील रोषणाई मध्यरात्रीनंतर बंद व्हावी. यास मोठा खर्च येत नाही. उलट विजेचे बिल उतरते. महापालिकेने आणि सरकारने येत्या हंगामापूर्वी तसा नियम करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

आपल्या देवळांपुढील दीपमाळ उत्सवाच्या रात्री उजळते आणि उत्सव सरला की शांत होते. दिव्याला वेळ असते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. नित्य पेटलेल्या रोषणाईला उत्सव म्हणत नाहीत. दयाळाने पहाटेच गावे आणि आपण त्याच्या गाण्याने पहाटेच जागे व्हावे, एवढे जरी साधले तरी रात्रीची निम्मी शांती पक्ष्यांना आणि निम्मी आपल्यालाही परत मिळेल.