दिसेल अशी पाटी, कळेल अशी खूण

वयस्क माणसे घराबाहेर पडणे का थांबवतात, याचा विचार करताना आपल्यापुढे गुडघेदुखी, धाप, चक्कर अशी कारणे येतात. आणखी एक कारण मात्र रुग्ण सहसा स्वतःहून सांगत नाहीत. इमारतीतील पाट्या, आकडे व खुणा त्यांना नीट दिसेनाशा झालेल्या असतात. लिफ्टमधले बटण चुकते, भलत्याच मजल्यावर उतरणे होते, शेजारच्या दाराची घंटा वाजवली जाते. असे दोन-तीनदा घडले, की ओशाळलेले मन घरातच बसणे पसंत करते. फिरणे थांबले की स्नायू दुबळे होतात, तोल बिघडतो, झोप आणि मनःस्थिती ढासळते व पडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच इमारतीतील पाट्यांचा विषय मी आरोग्याचा विषय मानतो.

वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जाते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एकतृतीयांश प्रकाशच पोहोचतो. मोतीबिंदूत चकाकी सहन होत नाही, काचबिंदूत बाजूचे दिसणे कमी होते, तर पडद्याच्या मध्यभागाच्या झिजेत नेमके समोरचे अक्षरच पुसट होते. यांपैकी प्रत्येक अडचण चष्म्याने दूर होत नाही. तिथे पाटीनेच रुग्णाला मदत करावी लागते.

अक्षर किती मोठे हवे, याचा हिशेब नेत्रतपासणीच्या तक्त्यातच आहे. ६/६ दृष्टी असलेली व्यक्ती सहा मीटरवरून सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखते. ६/६० दृष्टी असलेल्या व्यक्तीला त्याच अंतरावरून सुमारे ९ सेंटिमीटरचे अक्षर लागते. तीन मीटरवरून साडेचार सेंटिमीटरचे. ही झाली ओळखण्याची किमान मर्यादा. सहज वाचता येण्यासाठी अक्षर याहून मोठे असावे. लिफ्टचे दार उघडताच समोरच्या भिंतीवर पाच-सहा इंच उंचीचा मजल्याचा आकडा रंगवणे, हे त्यावरचे सोपे उत्तर आहे.

आकाराइतकाच रंगभेद महत्त्वाचा. पितळी पत्र्यावर कोरलेले किंवा काचेवर सोनेरी रंगात काढलेले नाव शोभिवंत दिसते, पण मंद दृष्टीला ते जवळजवळ अदृश्यच असते. फिकट पार्श्वभूमीवर गडद किंवा गडद पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे आणि चकाकी नसलेला पृष्ठभाग असावा. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. ‘१’ आणि ‘९’ हेही दुरून सारखेच भासतात. त्यामुळे वळणदार, दाटीवाटीचे अक्षर टाळून साधे, सुटे व ठळक अक्षर निवडावे.

पाटी कोठे लावावी, यालाही अर्थ आहे. दाराच्या फळीऐवजी शेजारच्या भिंतीवर, कडीच्या बाजूस, जमिनीपासून चार ते पाच फूट उंचीवर ती असावी. म्हणजे जवळ जाऊन वाचणाऱ्याला किंवा हाताने चाचपणाऱ्याला दाराचा धक्का बसत नाही व चाकाच्या खुर्चीतूनही ती दिसते. ब्रेल लिपी आवश्यक आहेच. परंतु उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ती बहुधा येत नसते. त्यांच्यासाठी स्पर्शाने ओळखता येतील असे उठावदार आकडेही हवेत. लिफ्टमधील सपाट, नुसत्या स्पर्शाने चालणारी बटणे अंध व्यक्तीला निरुपयोगी ठरतात. मजल्याची घोषणा आवाजात व्हावी आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी तो आकडा उजळलेलाही दिसावा.

स्मृतिभ्रंश असलेल्या घरच्या माणसासाठी स्वच्छतागृहाच्या दारावर शब्द आणि चित्र, दोन्ही लावावीत. पाठ वाकलेली असल्यास नजर खालीच राहते, म्हणून पाटी थोडी खाली असावी. दारापुढचे काळे पायपुसणे अशा व्यक्तीला खड्डा वाटू शकते, ते बदलावे.

‘आमच्या सोसायटीत कोणी दिव्यांग नाही’, असे बैठकांतून ऐकू येते. दाखला असलेली व्यक्तीच अडचणीत असते, हा त्यामागचा गैरसमज. मधुमेह, अर्धांगवायू किंवा नुसते वय कोणालाही त्या रांगेत आणू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारतींत लोक ये-जा करीत असलेल्या खासगी इमारतीही येतात. दवाखाने व रुग्णालये त्यांत आहेत. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी या कायद्याने नियम अधिसूचित झाल्यापासून कमाल पाच वर्षांची मुदत दिली होती. तेव्हा दवाखान्यात पाटी वाचता येत नसेल, तर तसे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगणे हा आपला हक्क आहे.

सोसायटीच्या पुढील सर्वसाधारण सभेत तीन मागण्या मांडाव्यात : प्रत्येक मजल्यावर ठळक आकडा, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंच रुंदीची, न घसरणारी पिवळी पट्टी, आणि पाट्यांवर पुरेसा, डोळ्यांवर न येणारा प्रकाश. इमारतीच्या रंगकामाबरोबर हे केल्यास वेगळा खर्च फारसा येत नाही.

त्याआधी एक परीक्षा घरीच घ्यावी. दिवेलागणीला आजी किंवा आजोबांसोबत फाटकापासून घराच्या दारापर्यंत चालावे. आपण काही सांगू नये; वाट त्यांनीच दाखवावी. ते जिथे थबकतील, हाताने चाचपतील किंवा कोणाला विचारतील, ती जागा टिपून ठेवावी. समितीपुढे ठेवण्याची यादी आपोआप तयार होईल.

एक सूचना मात्र विसरू नये. काल दिसणारी पाटी आज अचानक दिसेनाशी झाली, एक आकडा दोन दिसू लागला किंवा डोळ्यांपुढे पडदा आल्यासारखे वाटले, तर दोष पाटीला न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आणि तक्रार नसली, तरी साठीनंतर वर्षातून एकदा नेत्रतपासणी अवश्य करून घ्यावी.