मोबाइल कुणाच्या हातात?

वस्तीत अभ्यासवर्ग घेताना मी एक गोष्ट सतत पाहते. घरात मोबाइल एकच असेल तर तो भावाच्या खिशात. अकरावीतल्या मुलीला तो मिळतो रात्रीची भांडी घासून झाल्यावर, तोही आईसमोर बसून. भाऊ त्यात काय पाहतो, हे कुणी विचारत नाही.

केरळमध्ये कोझिकोडजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती नाकारली, तेव्हा तिला काढून टाकले. ती न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला व तिला परत घ्यायला लावले.

धोके आहेतच. फोटोवरून धमकावलेल्या मुली माझ्याकडेही येतात. त्या घरी का सांगत नाहीत? मोबाइल जाईल, शिक्षण थांबेल, लग्न लावून देतील, या भीतीने. म्हणजे बंदीमुळे मुलगी सुरक्षित होत नाही, एकटी पडते.

मैत्रिणींनो, नियम करायचाच तर मुलालाही तोच लावू या. आणि मुलीला शब्द देऊ या: काहीही झालं तरी आधी मला सांग, तुझं शिक्षण थांबणार नाही.