समुद्राकडे पाठ करून घर पाहा

दिवाळी सरली की घरोघरी सहलीचे बेत रंगू लागतात. मालवण, तारकर्ली, देवबाग ही नावे निघतात आणि समुद्रासमोरच्या बंगल्यांची छायाचित्रे मोबाइलवर एका हातातून दुसऱ्या हातात फिरतात. मग कोणीतरी हळूच विचारते, "आणि आजींचे काय?" याची दोन उत्तरे ठरलेली असतात. 'त्यांना दगदग नको', हे एक. 'येतील की, घरात बसून राहतील', हे दुसरे. दोन्ही उत्तरे देताना आजींना मात्र कोणी विचारलेले नसते. ज्येष्ठांना चार दिवस सुखाने राहता येईल असे घर भाड्याने कसे निवडावे, याचा आज विचार करू.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. आज या किनाऱ्यावर निवास-न्याहारीच्या घरगुती खोल्यांपासून स्वतंत्र बंगल्यांपर्यंत सारे काही मिळते. त्यांत देवबागची ओढ अनेकांना असते. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. बेटावर राहिल्याचा भास व्हावा अशीच ती जागा आहे. पण जमिनीवरून आत-बाहेर जाण्याचा मार्ग एकच, हेही ध्यानात ठेवावे. ग्रामीण रुग्णालय मालवणला आहे आणि जिल्हा रुग्णालय ओरोसला. देवबागहून ओरोस गाठण्यास तासाहून अधिक वेळ हाताशी धरावा. ज्यांना हृदयविकार आहे, वारंवार दम लागतो किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मालवण शहरात अथवा शहरालगत घर घ्यावे. समुद्र तेथूनही दिसतो. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सर्वांच्या मोबाइलमध्ये असावा आणि घराचा नेमका पत्ता, जवळची खूण लिहून दारामागे लावावी.

आता घराकडे वळू. छायाचित्रात समुद्र सुंदरच दिसणार; आपण त्याकडे पाठ करून घर पाहावे. पलंगापासून शौचालयापर्यंतची वाट हा त्या घराचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, अनोळखी घरात ज्येष्ठ माणूस याच वाटेने चालणार असतो. कोकणातील जुन्या धाटणीच्या घरांना जांभ्याचे उंच जोते, कठड्याविना पायऱ्या आणि खोलीगणिक उंबरा असतो. काही घरांत न्हाणीघर मागील दारी, पडवी ओलांडून असते. ही रचना देखणी खरी. पण तोल सांभाळणे कठीण झालेल्या पायांना तीच घातक ठरते. म्हणून मालकांना व्हिडिओ कॉलवर ही वाट चालून दाखवण्याची विनंती करावी. शौचालय कमोडचे आहे का, आधाराला भिंतीवर दांडी आहे का, फरशी गुळगुळीत आहे का, हे तेव्हाच कळते. सोबत रबरी चटई आणि रात्रभर जळणारा लहान दिवा न्यावा. स्नानासाठी भक्कम खुर्ची मिळेल का, तेही विचारावे.

अंगणही पाहावे. कोकणातील अनेक घरांच्या आवारात विहीर असते. तिचा कठडा पुरेसा उंच आहे का, वर जाळी आहे का, हे विचारल्यावाचून घर ठरवू नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत तर ही अट सोडूच नये. अशी माणसे नव्या जागी, विशेषतः तिन्हीसांजेनंतर, गोंधळतात आणि वाट फुटेल तिकडे चालू लागतात. समुद्राकडील फाटकाला कडी हवी. आरामखुर्ची माडाखाली मांडू नये; नारळ किंवा झावळी केव्हा पडेल ते सांगता येत नाही.

वादळी हवेत वीज जाते. मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावरील अनेक गावे काही दिवस अंधारात होती. झोपेत श्वासासाठी यंत्र लागणाऱ्यांनी, तसेच घरी प्राणवायूचे यंत्र वापरणाऱ्यांनी, इन्व्हर्टर किती तास चालतो हे विचारून घ्यावे. इन्सुलिनची न उघडलेली कुपी शीतकपाटात, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. वापरात असलेली कुपी त्याबाहेर साधारण चार आठवडे टिकते. मात्र ती ऊन आणि तापलेली मोटार यांपासून जपावी आणि सोबतच्या पत्रकातील मुदत पाहावी. औषधे दोन दिवसांची जास्तच घ्यावीत.

जेवणाची व्यवस्था कोण करणार, हे आधी ठरवावे. स्वयंपाकघरासह बंगला घेतला की वर्षभर घरी रुग्णाची सेवा करणारी सून किंवा मुलगी तेथेही चुलीपुढेच उभी राहते. तिलाही विश्रांतीची गरज आहे. म्हणून घरगुती जेवण पुरवणारे घर निवडावे आणि पहिल्याच दिवशी 'एका माणसाचे मीठ-तिखट कमी' असे सांगून ठेवावे. मालवणी माणसे अगत्याने ते ऐकतात. रक्तदाब असलेल्यांनी सुकी खारवलेली मासळी, पापड आणि लोणचे टाळावे. ज्यांना युरिक अ‍ॅसिडमुळे सांधेदुखी होते, त्यांनी तारली आणि तिसऱ्या बेतानेच खाव्यात. शहाळ्यात पोटॅशियम बरेच असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा अशा गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच शहाळे प्यावे.

समुद्राजवळ जावे ते सुकतीच्या वेळी, उन्हे उतरल्यावर. कोरड्या वाळूत पाय रुततात. ओल्या, घट्ट वाळूवर चालणे सोपे जाते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाण्यासाठी हलत्या होडीत चढावे-उतरावे लागते. गुडघे साथ देत नसतील तर तो हट्ट धरू नये. १६६४ साली शिवछत्रपतींनी ज्याची पायाभरणी केली, तो जलदुर्ग मालवणच्या किनाऱ्यावरूनही डोळे भरून पाहता येतो.

हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मे महिन्यातील दमट उकाडा वृद्धांना सोसत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन दरवर्षी नव्याने ठरते. त्या दिवसांत घरे मिळत नाहीत आणि रस्तेही भरून जातात. म्हणून ती तारीख आधी पाहून घ्यावी.

आणि हे सारे ठरवण्यापूर्वी आजींना विचारावे, त्यांना काय पाहायचे आहे. कदाचित समुद्रापेक्षा बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहण्याचीच त्यांना अधिक हौस असेल. तसे असेल तर बंदराजवळचे, तळमजल्यावरचे घर शोधावे.