आत्याची ओवाळणी आणि चार सेल

परवा हैदराबादहून भाच्याचा फोन आला. पुढच्या महिन्यात चिक्कडपल्लीला घरची मुंज आहे आणि फोटो काढायचं काम यंदा त्याच्या गळ्यात पडलंय. म्हणाला, "मामा, कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला चार्जिंगचे कुठले सेल घेऊ? एकावर २००० लिहिलंय, एकावर २७००, आणि एकावर तर ४६००. गंमत म्हणजे तोच सगळ्यांत स्वस्त आहे!"

म्हटलं, "घाई करू नकोस. तुझ्या आज्जीच्या वेळी मी हाच घोळ घातला होता."

चिक्कडपल्लीचं घर माझ्या आत्याचं. आपल्याकडच्या कितीतरी घरांचा एक पाय हैदराबादेत असतो, त्याचं कारण जुनं आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर, उदगीर आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. त्या दिवशी बीदर म्हैसूर राज्यात गेलं, उदगीर मुंबई राज्यात आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात. सोयरिकी मात्र होत्या तिथंच राहिल्या. आत्या उदगीरची, दिली भालकीच्या कन्नड घरात आणि संसार केला चिक्कडपल्लीत. आमच्याशी मराठी, सुनांशी कन्नड, भाजीवाल्याशी तेलुगू. संध्याकाळी जवळच त्यागराय गानसभेत काही कार्यक्रम असला की ही पहिल्या रांगेत.

२००८ च्या मे महिन्यात तिचं सहस्रचंद्रदर्शन केलं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पहिल्या पगारांतून कॅमेरा आणि जुना फ्लॅश घेतला होता. सेल घेतले ते आकडा बघून, २७०० वाले. पाडव्याला चार्ज केले आणि पिशवीत टाकले. त्यातले दोन कुठं तरी हरवले म्हणून घरातलेच दुसरे दोन घातले. पेन्सिल सेल सगळे सारखेच, असं तेव्हा वाटायचं.

ओवाळायला ८१ दिव्यांचं ताट. खोलीतले दिवे मालवलेले. फ्लॅश समोरून मारला की चेहरा पिठासारखा दिसतो, म्हणून मी तो छताकडे वळवला. त्याला पुरी ताकद लागते. पहिल्या सुनेनं ओवाळलं तो फोटो आला. दुसरी सून पुढं झाली आणि फ्लॅशचा दिवा काही लागेना. आत्या हसत विचारत होती, "आयतेनप्पा?" मी म्हणत होतो, "इन्नू इल्ला, आत्या." ताट हातात धरून किती वेळ थांबणार? तेल सांडायला लागलं. मुली, नाती, सगळ्यांनी ओवाळलं, आणि माझ्याकडे आले काळोखातले दिव्यांचे ठिपके. आत्या २०११ मध्ये गेली.

काय चुकलं ते आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांनी नंतर समजावलं. मी इतिहासाचा माणूस, तरी मला कळलं म्हणजे तुम्हालाही कळेल. फ्लॅशमध्ये पंख्यासारखाच एक कंडेन्सर असतो, पण तो ३०० व्होल्टच्या वर भरावा लागतो. प्रत्येक चमकेनंतर चार सेलांनी तो पुन्हा भरायचा. त्यासाठी सेलातून एकदम मोठा प्रवाह ओढला जातो. तो पाच अँपिअर धरा. नव्या अल्कलाइन सेलाचा आतला रोध ०.१५ ओहमच्या आसपास, म्हणजे पाऊण व्होल्ट आतच खर्ची पडतो आणि दीडाचे उरतात पाऊण. चार्जिंगच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलाचा रोध ०.०३ च्या घरात. त्यावर लिहिलेलं असतं १.२ व्होल्ट, पण ओढताना उरतात १.०५. कागदावर कमी दिसणारा सेल कामात पुढं जातो तो असा. भिंतीवरच्या घड्याळाला दोन्ही चालतील, फ्लॅशला नाही.

मग माझे का बसले? जुन्या पद्धतीचे चार्जिंगचे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त वीज गळून जाते. आपल्या उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. पाडवा ते मेअखेर, हिशेब तुम्हीच करा. त्यात चारांमधले दोन परके. एक आधी रिकामा झाला की बाकीचे त्याला उलटा चार्ज करतात, आणि तो सेल कायमचा बिघडतो.

खरं तर तोपर्यंत तोडगा बाजारात आला होता. जपानच्या सान्योनं २००५ च्या अखेरीस एनेलूप सेल काढले, वर्षभर ठेवले तरी बहुतेक वीज शिल्लक राहणारे. सान्यो पुढं पॅनासॉनिककडे गेली, सेलांचं नाव तेच राहिलं. आकडा साधा, २००० च्या आसपास. त्यांचेच काळे, २५०० च्या घरातले सेलही मिळतात, पण ते पांढऱ्यांपेक्षा फार कमी वेळा चार्ज होतात, असं कंपनीच सांगते. दिवसभर लग्नं टिपणाऱ्यानं काळे घ्यावेत. घरच्या मुंजीला पांढरे पुष्कळ.

भाच्याला सांगितलं, आठ घे. चार-चारचे दोन संच कर, त्यांवर मार्करनं अ आणि ब लिही आणि एकमेकांत मिसळू नकोस. चार्जर प्रत्येक सेलाकडे स्वतंत्र लक्ष देणारा हवा. जोडीजोडीनं चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये एक उपाशी आणि एक तापलेला, असं होतं. लागोपाठ फ्लॅश मारू नकोस, मधे त्याला निवू दे. आणि याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात, ते चुकूनही घालू नकोस. चार मिळून १४.८ व्होल्ट होतात, फ्लॅश बनलेला असतो सहाला. हल्ली यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम सेल आलेत. त्यांच्या आतलं सर्किट इतका प्रवाह देईलच असं नाही, म्हणून फ्लॅशची पुस्तिका वाचल्याशिवाय ते घेऊ नयेत. नवे काही फ्लॅश स्वतःची लिथियम बॅटरी घेऊनच येतात, त्यांना ही कटकट नाही. पण भाच्याकडचा फ्लॅश माझाच, तो जुना. माझ्या पापाचं गाठोडंही सोबतच गेलंय म्हणायचं.

"आणि ४६०० वाला, मामा?"

या मापाच्या सेलात २८०० च्या वर फारसं काही मावत नाही. ४६०० म्हणजे छापखान्याची करामत. म्हटलं, किराणावाल्याच्या काट्यावर ठेवून बघ. चांगला सेल २६-२७ ग्रॅम भरतो.

संध्याकाळी पुन्हा फोन. चार पांढरे मिळून १०६ ग्रॅम. तो ४६०० वाला चौघांचा संच ६४. किराणावाला हसत होता म्हणे.

मुंजीला मी जाणार आहे. एमजीबीएसला उतरून मेट्रो घेतली की चिक्कडपल्ली तिसरं स्थानक, २०२० पासून ही एक सोय झाली. मातृभोजनाच्या वेळी मी त्याच्या मागंच उभा राहणार आहे, ब लिहिलेला संच खिशात घेऊन.