कोड काय म्हणतो?

लालबर्राला बाबांची २०१४ची पेट्रोल गाडी इंजिन तापलं की चालता चालता बंद पडायची आणि अर्ध्या तासाने निमूट सुरू व्हायची. सिवनी रस्त्यावर मागे ट्रक असताना हे म्हणजे जिवाशीच खेळ. स्कॅनरवर दरवेळी पी०३३५. गॅरेजवाल्याने क्रँक सेन्सर दोनदा बदलला. दिवा पुन्हा पेटलाच.

सेन्सर बिघडलाय असं हा कोड म्हणतच नाही. त्या सर्किटमधून सिग्नल नीट येत नाही, एवढंच तो सांगतो. सर्किटमध्ये वायर, कनेक्टर, अर्थिंगही आलं. (प्रोग्रॅममधली एरर ज्या ओळीवर दिसते, चूक तिथेच असते थोडीच!)

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वाचा. दोष नोंदला गेला त्या क्षणाचं इंजिनचं तापमान आणि वेग त्यात साठवलेला असतो. आमच्याकडे तापमान दरवेळी चढलेलं होतं. म्हणून इंजिन गरम असतानाच, इग्निशन बंद करून, सेन्सरच्या कनेक्टरपासून ईसीयूपर्यंतची वायर मल्टिमीटरने तपासली. हलवली की रीडिंग गायब! कनेक्टरपाशी ती आतून तुटत आली होती, वरून मात्र धडधाकट. हातभर नवी वायर जोडली, एक्झॉस्टपासून दूर बांधली. जुने दोन्ही सेन्सर बाबांनी जपून ठेवलेत, बहुधा दोन्ही चांगलेच असावेत.