जंजिऱ्याची हार आणि खांदेरीचा धडा

इतिहासाच्या तासास निबंध लिहावयास सांगितला कीं, प्रतापगड, सिंहगड व रायगड यांवर मुलें पानेंच्या पानें भरून आणितात. जंजिऱ्यावर मात्र चार ओळी लिहिणारा विरळा. लिहिल्याच तर त्या दोन प्रकारच्या असतात. एक पक्ष म्हणतो, जंजिरा थोडक्यांत हुकला, नाहींतर तो आपलाच होता. दुसरा म्हणतो, जंजिरा अजिंक्य होता, त्यास कोणी हात लावूं शकलें नाहीं. पहिल्यास हार सांगण्याची लाज वाटते, दुसऱ्यास ती सांगण्यांत मौज वाटते. आमच्या मतें, या दोघांच्याही हातून इतिहासांतील घेण्याजोगा भाग सुटून जातो. जंजिऱ्याची हकीकत आहे तशी, हारीसकट, मुलांस शिकविली पाहिजे, आणि ती आपल्या या किनाऱ्यावरील मुलांस तर अवश्य शिकविली पाहिजे, असें आमचें म्हणणें आहे. तें कां, हें येथें थोडक्यांत मांडितों.

प्रथम स्थळाचा विचार करूं. मुरूडच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी समुद्रास मिळते, तिच्या तोंडाशीं खडकाच्या बेटावर जंजिरा उभा आहे. चारी बाजूंनीं पाणी; भिंत थेट लाटांतून वर आलेली; तटाखालीं सैन्य उतरवून उभें करावें एवढी जागा नाहीं. आंत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव, बुरुजांवर कलालबांगडीसारख्या लांब पल्ल्याच्या तोफा. अशा किल्ल्यास वेढा घालणाराच समुद्रावर उघडा पडतो आणि आंतला मनुष्य तहानेनें मरत नाहीं. तेथील सिद्दी हे मूळचे आफ्रिकेंतून आलेले हबशी. ते प्रथम निजामशाहीचे, पुढें विजापूरचे व शेवटीं दिल्लीच्या बादशहाचे चाकर झाले. परंतु धनी बदलले तरी किल्ला त्यांनीं सोडिला नाहीं.

आतां मोहिमांकडे पाहूं. १६६९ सालीं शिवाजीमहाराजांनीं जंजिऱ्यास असा ताण दिला कीं, किल्लेदार फत्तेखान किल्ला स्वाधीन करावयास तयार झाला. पण आंतल्याच सिद्दी संबूळ, सिद्दी कासीम व सिद्दी खैर्यत यांनीं त्यास कैद केलें आणि मोगलांचा आश्रय घेतला. पुढें १६७१ सालीं शिमग्याच्या सणांत मराठे गाफील असतां कासीमनें दंडा-राजपुरीचें ठाणें परत घेतलें, असें मोगल तवारीखकार खाफीखान सांगतो. १६७६ सालीं मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन आले. त्या वेळची लाय पाटील या कोळ्याची गोष्ट आपल्या भागांत परंपरेनें सांगतात. त्यानें रात्रीं होड्यांतून जाऊन तटास शिड्या लाविल्या व मोरोपंतांच्या धारकऱ्यांची वाट पाहिली. पहाट होत आली तरी माणसें पोहोंचलीं नाहींत. तेव्हां शिड्या काढून त्यास परतावें लागलें. कामगिरी फसली, तथापि महाराजांनीं त्यास पालखीचा मान देऊं केला. दर्यांत फिरणाऱ्यास पालखी कशास, असें तो म्हणाला, तेव्हां 'पालखी' नांवाचें एक गलबत त्यास बांधून दिलें, असें सांगतात. हार झाली असतांही ज्यानें आपलें काम चोख केलें त्याचा गौरव करणारा राजा, हा या कथेंतील भाग आम्हांस किल्ला जिंकल्याच्या वर्णनाहून कमी मोलाचा वाटत नाहीं. १६८२ सालीं संभाजीमहाराज स्वतः आले. राजपुरीच्या बाजूनें दगड टाकून समुद्रांतून सेतु बांधावयास त्यांनीं आरंभ केला. तोंच हसनअलीखान मोगल फौज घेऊन उत्तर कोंकणांत उतरला आणि महाराजांस तिकडे वळावें लागलें. सेतु अर्धवट राहिला.

या चार प्रसंगांत शौर्य कोठेंही कमी पडलेलें नाहीं. कोठें आंतल्यांनीं किल्लेदारास पदच्युत केलें, कोठें सणाच्या दिवशीं पहारा ढिला पडला, कोठें एक तुकडी वेळेवर आली नाहीं, कोठें दुसरा शत्रु पाठीवर आला. एवढें मुलांस समजावून दिलें, तर लढाई म्हणजे केवळ तलवारीचा खणखणाट नव्हे, वेळ, पहारा, रसद व शेजार यांचा तो हिशेब आहे, हें त्यांस कळेल. 'हुकला' किंवा 'अजिंक्य' या एका शब्दानें यांतील कांहींच कळत नाहीं.

हा नियम आपल्याच देशाचा आहे असें नाहीं. चीनच्या प्राचीन इतिहासांत इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकापासून २२१ पर्यंत सात राज्यें एकमेकांशीं लढत होतीं. त्या काळास लढणाऱ्या राज्यांचा काळ म्हणतात. इ. स. पूर्वीं २६० त छांगफिंग येथें छिन व चाओ या राज्यांचा सामना झाला. चाओच्या तरुण सेनापतीस युद्धशास्त्राचे ग्रंथ तोंडपाठ होते. पण तो पुढें धांवत गेला आणि छिनच्या सैन्यानें मागून त्याची रसद तोडिली. सेहेचाळीस दिवस उपाशी राहून त्याच्या सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं, आणि शरण आलेल्यांची कत्तल झाली. कागदावरच लढाई करणारा, असा वाक्प्रचार चिनी भाषेंत त्याच्यावरून आजही रूढ आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, छिनविरुद्ध सहा राज्यांनीं एकजूट करावी असे बेत वारंवार झाले आणि वारंवार मोडले; प्रत्येकास आपल्या शेजाऱ्याचा हेवा अधिक होता. शेवटीं सहाही राज्यें एकामागून एक छिननें गिळिलीं.

आतां आपल्या किनाऱ्याकडे परत येऊं. जो किल्ला घेतां येत नाहीं त्यावर डोकें आपटीत बसण्याऐवजीं शिवाजीमहाराजांनीं काय केलें? मुरूडसमोरच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधिला. आणि ऑगस्ट १६७९ मध्यें थळसमोरील खांदेरी बेटावर मायनाक भंडारी यास दीडशें माणसें देऊन तट बांधावयास पाठविलें. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशीं आहे. इंग्रजांस ती गोष्ट कशी रुचावी? त्यांनीं गलबतें आणून बेटास वेढा घातला. १९ सप्टेंबर रोजीं त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरूं पाहतां मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखान मराठी आरमार घेऊन चालून आला. इंग्रजांचें 'डव्ह' नांवाचें गुराब मराठ्यांच्या हातीं लागलें, पण त्यांच्या 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजापुढें मराठी गलबतांस नागोठण्याच्या खाडीकडे मागें सरावें लागलें. म्हणजे येथेंही उघड्या सामन्यांत पूर्ण जय नव्हता. परंतु मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ तळाच्या व वल्ह्यांनीं चालणाऱ्या. इंग्रजांचीं जहाजें मोठीं व वाऱ्याच्या आधीन. रात्रीं वारा पडला कीं त्या होड्या वेढ्यांतून निसटून बेटावर माणसें, दाणा व चुना पोहोंचवीत. दिवसां तोफा चालत आणि भिंत चढत जाई. पुढें सिद्दी कासीम इंग्रजांच्या साह्यास आला. जानेवारी १६८० मध्यें त्यानें शेजारचेंच उंदेरी बेट बळकावून तेथें आपल्या तोफा चढविल्या. तरी खांदेरी पडली नाहीं. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं मराठ्यांशीं समेट करून आपलीं गलबतें काढून घेतलीं. जंजिऱ्यापुढें जें शिकावें लागलें, तेंच खांदेरीस उपयोगी पडलें, असें आम्ही मानतों. हार झांकून ठेविली तर मुलांस ही सांखळीच दिसणार नाहीं.

पण धड्याची दुसरी बाजू कटु आहे, तीही सांगितली पाहिजे. या सर्व मोहिमांत पाऊणशें-शंभर वर्षें किनाऱ्यावरच्या रयतेची काय दशा झाली? सिद्दीचें आरमार पावसाळ्यांत मुंबईस माजगांवीं आसरा घेई आणि तेथून समोरच्या किनाऱ्यावर धाडी घाली. गांवें जळत, माणसें गुलाम म्हणून धरून नेत. फौज कोणाचीही असो, तिचा दाणावैरणीचा भार खेड्यावरच पडे. जंजिऱ्याचा तट फार उंच आहे. पण त्या तटाच्या दोन्ही बाजूंस वल्हीं मारणारा कोळी व भात पिकविणारा आगरी यांची नांवें कोणत्याही बखरींत नाहींत.

आणि शेवटीं लाभ कोणाचा झाला? १७३३ सालीं पहिले बाजीराव पेशवे व सेखोजी आंग्रे यांनीं जंजिऱ्यावर पुनः मोहीम केली. मोगलांनीं १६८९ त घेतलेला व पुढें सिद्दीकडे गेलेला रायगड त्या वेळीं परत आला, ही मोठी गोष्ट. पण सरदारांत एकवाक्यता नव्हती, आणि जंजिरा राहिला तो राहिलाच. त्याच वर्षीं सेखोजी वारले, आणि संभाजी व मानाजी या आंग्रे बंधूंत कलह पेटला. १७३५ त घर दोन ठिकाणीं वांटलें गेलें: कुलाबा मानाजीकडे, दक्षिणेचे किल्ले संभाजीकडे. १७३६ सालीं चिमाजीआप्पांनीं रेवसजवळच्या लढाईंत सिद्दी सात यास मारिलें व सिद्दीचें बळ बरेंच मोडलें. परंतु वीस वर्षांनीं, १७५६ च्या फेब्रुवारींत, पेशव्यांनीं इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली. विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें सर्व आरमार जळालें. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या धाकानें इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी हे समुद्रावर जपून वागत, त्यांच्या पश्चात् सत्तावीस वर्षांत हा प्रसंग आला. १८४० सालीं कुलाब्याचें संस्थानही, वारस नाहीं या सबबीवर, इंग्रजांनीं खालसा केलें. चीनमधील सहा राज्यांची कथा वाचतांना आम्हांस विजयदुर्गाची आठवण होते ती यामुळें.

कोणी पालक म्हणतील, लहान मुलांस हारीच्या व घरभेदाच्या गोष्टी कशास सांगतां? त्यांचा अभिमान खचेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. मुलाच्या मनांत आपल्या पूर्वजांविषयीं आदर असावाच. परंतु केवळ जयांच्या कथांवर पोसलेला अभिमान पहिल्या अपयशानें मोडतो. परीक्षेंत नापास झालेला मुलगा तोंड लपवून बसतो, कारण त्याच्या ऐकण्यांत कोणीच कधीं हरलेलें नसतें. त्यास सांगा कीं, जंजिऱ्यापुढें महाराजही हटले आणि मग त्यांनीं खांदेरी बांधिली. यानें महाराजांचा मान तसूभरही कमी होत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. जंजिऱ्याचें नांव निघालें कीं 'आपले' व 'त्यांचे' अशी वांटणी होऊं लागते. मुलांच्या बांकांवरही ती कधीं कधीं ऐकूं येते. इतिहास मात्र असें सरळ रेघ ओढून देत नाहीं. मराठी आरमाराचा दौलतखान मुसलमान होता. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे वडील सिद्दीच्या चाकरींत होते. जे एकमेकांवर तोफा डागीत होते त्यांचे वंशज आज एकाच बाजारांत मासळी घेतात व एकाच एस. टी. च्या गाडीनें अलिबागेस जातात. जंजिरा संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें. पूर्वीचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो. आतां जंजिरा, पद्मदुर्ग, खांदेरी, उंदेरी व कुलाबा हे सर्वच किल्ले या जिल्ह्यांतील प्रत्येक मुलाचे आहेत. तीनशें वर्षांपूर्वींच्या वैराचा हिशेब वर्गमित्राकडून मागणें हा शुद्ध अविचार आहे, आणि तो घरांतूनच थांबविला पाहिजे.

२०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत आपल्या जिल्ह्यांतील रायगड व खांदेरी आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. पण मान मिळाला कीं काळजीही आली. तटावर नांवें कोरणारे हात बहुधा कोणत्या तरी शाळेंत लिहावयास शिकलेले असतात, हें सांगतांना आम्हांस संकोच वाटतो.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना आहे. सुटींत ओहोटीची वेळ पाहून, जाणत्या मनुष्यास बरोबर घेऊन, कुलाबा किल्ल्यांत पायीं जा. राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहून जंजिरा व तेथून दिसणारें पाणी किती आहे तें डोळ्यांनीं मोजा. होडी वल्हविणाऱ्या वडील कोळ्यास वारा, भरती व खडक यांविषयीं विचारा, आणि तो जें सांगेल तें वहींत लिहून ठेवा. तें ज्ञान पुस्तकांत फारसें नाहीं आणि तें सांगणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. मग पुढच्या वर्षीं जंजिऱ्यावर निबंध लिहा. त्यांत मोहीम कोणी केली, ती कां फसली आणि त्यांतून पुढें काय घडलें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें असूं द्या. असा एक जरी निबंध या अंकासाठीं आला, तरी तो आम्ही मोठ्या संतोषानें छापूं.