‘रजनी’च्या आड राहिलेल्या प्रिया तेंडुलकर

१९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची ‘रजनी’ ही मालिका सुरू झाली आणि प्रिया तेंडुलकर हे नाव घरोघरी पोहोचले. प्रश्न गॅस सिलिंडरचा असो वा टॅक्सीवाल्याच्या मुजोरीचा, ही गृहिणी अडवणुकीपुढे मान तुकवीत नसे. टॅक्सीचालकांवरील भाग प्रसारित झाल्यावर मुंबईतील टॅक्सीवाल्यांनी निदर्शने केली. काल्पनिक बाईविरुद्ध खराखुरा मोर्चा!

पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे श्रेय थेट रजनीच्या पदरात टाकण्याचा मोह इतिहासप्रेमींनी टाळावा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासूनच कार्यरत होती. मालिकेने चळवळीला चेहरा दिला; चळवळ आधीचीच होती.

मात्र त्या चेहऱ्याने खुद्द अभिनेत्रीलाच झाकोळून टाकले. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मधील (१९७४) जमीनदारपुत्राची पत्नी कितींना आठवते? ‘हम पाँच’मध्ये तर त्या केवळ भिंतीवरील तसबिरीतून बोलत, नवऱ्याला तेथूनच खडसावत, चौकटीत बसूनही त्यांनी प्रसंग खाऊन टाकले. आणि त्या मराठी कथालेखिकाही होत्या, हे तर बहुतेकांच्या गावीही नसते. नाटककार विजय तेंडुलकरांची कन्या म्हणून त्यांचा उल्लेख होतो. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ या कथासंग्रहाच्या लेखिका म्हणून क्वचितच.

१९ सप्टेंबर २००२ रोजी, पन्नाशी गाठण्याआधीच, त्यांचे निधन झाले. दूरचित्रवाणीच्या इतिहासात त्यांची नोंद आहे. कथेच्या इतिहासातील त्यांचे पान अजून लिहायचे आहे.